सोमलीबाईचा सूर

कर्नाटकातल्या आळंदच्या सभागृहात लंबाणी बंजाऱ्यांवरच्या पुस्तकाचं प्रकाशन चाललं होतं आणि मंचावर बसवलेली सोमलीबाई राठोड आतून धुमसत होती. आरशांचा लंबाणी घागरा घालूनच ये, असा तिला निरोप होता. एरवी ती साताऱ्याकडच्या उसाच्या फडात नवऱ्याचा जुना शर्ट चढवून राबायची. तांडा ओस टाकून दरसाल जायचं ते पोटासाठी. लेखकानं मात्र लिहिलं होतं, भटकंती यांच्या रक्तातच आहे. रक्तात म्हणे! कोयता घेऊन कुणी जन्माला येत नाही. वर आणखी लिहिलं होतं, परतलेल्या बायका गळ्यात गळा घालून आनंदानं गातात.

"तेच गाणं आता सोमलीबाई म्हणतील," लेखक म्हणाले.

औंदा ती फडावरून परतली, तेव्हा आधी परतलेल्या बहिणीनं गळ्यात पडून सूर धरला होता. मागं एकटी ठेवलेली आई गेली, हे तिला त्या सुरातच कळलं होतं. सोमलीबाईनं उठून तोच सूर लावला. लोकांना ठेका सापडला, टाळ्या पडू लागल्या. लेखकही मान डोलवत होते.

ती मधेच थांबली. दात आवळून म्हणाली, "आमच्यात अशी बाई रडायली की समोरची तिला गळ्याशी धरती, मग पाणी देती. माझी माय मेल्याचं सांगायलेय मी. टाळ्या कामून वाजवायलाव?"

लेखकांसमोर पाण्याची बाटली होती. त्यांनी ती उचलली, झाकण उघडलं आणि स्वतःच प्यायले.