ताईसाठी पाहिलेल्या दोन गाड्या

ताईचं लग्न ठरलं तेव्हा मुलाकडच्यांनी आमच्याकडे काहीही मागितलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण सौंसरमध्ये बाबा आजही हेच सांगतात आणि ते खोटं नाही. पांढुर्ण्याहून मुलाचे वडील आले, चहा घेतला आणि म्हणाले, "मास्तरजी, तुमी तत्त्वाचे मानूस. तुमच्या घरून एक रुपयाही आमाले चालनार नाही." बाबांचे डोळे भरून आले.

बाबा निवृत्त शिक्षक. थोडा संत्र्याचा बगिचाही आहे. पण गावात त्यांची ओळख आहे ती पत्रकांमुळे. हुंड्याविरुद्धची पत्रकं ते स्वतः लिहायचे, पगारातून छापून आणायचे आणि बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी बहिणी ती वाटायचो. शाळेच्या पुस्तकाआधी मी ती वाचली. वाटताना कुणी पत्रकाची पुडी करून त्यात शेंगदाणे बांधून घेतले, तर मला रडू यायचं. पत्रकात दोन गोष्टी नेहमी असायच्या. हुंडा देऊ नका, घेऊ नका. आणि मुलीला बापाच्या मालमत्तेत मुलाइतका वाटा द्या. या दोन वाक्यांच्या मधून एक अख्खी गाडी निघून जाईल, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मुलाच्या वडिलांच्या मात्र आलं. निघताना, चपला पायात सरकवत ते म्हणाले, "फक्त येवढं पाहा जी. पोरगी लोधीखेड्याच्या दवाखान्यात नर्स हाय. लगनानंतर पांढुर्ण्याहून रोजचं जानं-येनं. तिच्या वाट्यातून तिले एखादी बरी गाडी घेऊन देली, त तिचीच सोय. तिच्याच नावावर. आमचं त्याच्यात काही नाही."

ते फाटकाबाहेर गेले तशी मी म्हणाले, "बाबा, हा हुंडाच होय."

"हुंडा जावयाले देतेत," बाबा म्हणाले. "हा तिचा वाटा. इतके वर्ष मी काय लिहून राहिलो? नुसतं लिहाचंच का?"

वाद घालायला मी त्यांच्याच वाक्यांवर शिकले होते आणि ती वाक्यं त्यांच्यापाशी माझ्याहून जास्त होती.

ताईला वाद नको होता. तिला नोकरी हवी होती. लग्नानंतर दवाखाना सोडणार नाही, ही तिची एकच अट होती आणि मुलानं ती मान्य केली होती. पांढुर्ण्याहून लोधीखेड्याला वेळेवर पोचायचं तर सौंसरला बस बदलून भागणार नव्हतं. ताई गाडी उत्तम चालवते. संत्री तोडणीला आली की आमच्या पिकअपवर तीच बसायची. मंडीतले व्यापारी तिला "डरायवरीनबाई" म्हणून चिडवायचे आणि ती मागे न पाहता पिकअप बरोबर दोन गाड्यांच्या मधे लावून उतरायची. "वाटा देतेत त घेईन," ती मला म्हणाली. "पन गाडी मी पाहीन. मले चालवाची हाय."

तिनं फोनवर कितीतरी व्हिडिओ पाहिले आणि शेवटी दोन गाड्यांवर आली. दोन्ही सारख्याच आकाराच्या, किमतीतही फार फरक नाही. एका रविवारी दोन्ही शोरूमवाल्यांनी आपापली गाडी चालवून पाहायला घरी आणली. मुलाचे मामाही आले. सहज, जाता जाता. पांढुर्ण्याहून आमच्या बगिच्यापर्यंत जाता जाता कसं येता येतं, हे मी त्यांना विचारलं नाही. आईनं डोळ्यांनीच मला गप्प बसवलं.

आधी पांढरी. ताईनं सीट वर घेतली, आरसे फिरवले. ताई उंचीनं कमी, पण तिला बोनेटचं टोक दिसत होतं. क्लच हलका. तिनं गाडी बगिच्याच्या कच्च्या वाटेवर घातली, विहिरीपाशी एका दमात वळवली. मागच्या सीटवर आम्ही तिघं होतो, बाबा, मी आणि मामा.

"पाय ठेवाले जागा कमी हाय," मामा म्हणाले.

"मामाजी, तुमी रोज दवाखान्यात येनार का माह्यासंग?" ताई आरशातून म्हणाली.

बाबा मोठ्यानं हसले. मामाही हसले, पण जरा उशिरा. तेवढ्यात वाटेतल्या उंचवट्यावर गाडीचं पोट घासलं. मामांनी लगेच पकडलं. "पाहा! तुमच्याच बगिच्यात चालत नाही हे."

"मी बगिच्यात नोकरी नाही करत ना जी."

मग काळी. तिच्यात बरंच काही होतं. उंच, रुंद, डिझेलवर चालणारी, समोर मोठा पडदा, छतात उघडणारी काच. उंचवटा तिनं मोजलाही नाही. पण सीट शेवटपर्यंत वर घेऊनही ताईला पुढे नुसतं काळं बोनेट दिसत होतं. क्लच पुरता दाबायला तिला सीटच्या कडेवर सरकावं लागे. फाटकातच गाडी बंद पडली. मग आईनं घरातून उशी आणली, ती पाठीशी ठेवली, तेव्हा कुठं गाडी निघाली.

"सवय होऊन जाते, मॅडम," शोरूमचा माणूस म्हणाला.

मामांनी छताची काच उघडायला लावली आणि सीटवर उभे राहून डोकं बाहेर काढलं. संत्र्याच्या फांदीनं त्यांची टोपी उडवली. आम्ही दोघी हसू दाबत राहिलो. टोपी झटकत ते म्हणाले, "पांढुर्ण्याच्या बाजारातून निघाली ना हे, लोक पाहातच राहतीन."

संध्याकाळी मामा गेल्यावर बाबांनी वर्गात विचारावं तसं ताईला विचारलं, "मंग? कोनती?"

"पांढरी."

"कारन?"

"काळीत मले रस्ता दिसत नाही, बाबा. लोधीखेड्याच्या रस्त्यानं रोज बैलगाड्या, पोरं, बकऱ्या. अन् माहा पाय पुरला पायजे ना."

बाबांनी मान हलवली. विषय संपला होता. मला तर वाटलं, बाबांचं बरोबर असेल, हा खरंच वाटा असेल. मी मनातल्या मनात त्यांची माफीही मागितली.

बाबांनी पांढरीचं पांढुर्ण्याला कळवलं, आणि मग मुलाच्या वडिलांचा फोन आला. बाबांनी तो नेहमीसारखा स्पीकरवर घेतला. त्यांना वाटतं, आपल्या घरात लपवण्यासारखं काही नाही.

"तुमाले पटन ते घ्या, मास्तरजी. आमचं काहीच म्हननं नाही. पोरगा फक्त म्हने, काळी असती त घरच्यायलेही बसता आलं असतं. आता पाव्हन्यायलेही सांगून बसला ना तो. पन असू द्या. तुमी तत्त्वाचे मानूस, तुमाले आमी काय सांगाचं?"

फोन ठेवून बाबा अंगणात गेले. लग्नाचा हॉल ठरला होता, आमंत्रणं गेली होती. मग ते आत आले. "वाटा तुहा होय," ते ताईला म्हणाले. "तूच सांग. तू म्हनशीन ते."

ते तिच्याकडे पाहत नव्हते. ताई मात्र त्यांच्याकडे पाहत होती.

"काळी घ्या, बाबा," ती म्हणाली.

"ताई!" मी ओरडले.

"तू चूप राह्य."

स्वयंपाकघरात मी तिला गाठलं. ती कणीक मळत होती. "काहून असं केलं? नाही म्हनाचं होतं. लगन मोडलं त मोडलं!"

"तुले सोपं हाय," ती म्हणाली. "लगन मोडलं त गाव काय म्हनन? मास्तरनं भाषनं देऊन देऊन पोरीले घरी बसवलं. बाबाले हे आयकू देशीन का तू?" मग कणकेचा गोळा उलटवत, "सवय होऊन जाईन मले. उशी घेऊन बसीन."

लग्न साधं झालं, बाबांना हवं तसं. विधी नाहीत, मानपान नाही. स्टेजवर बाबा माईकवरून म्हणाले की या लग्नात हुंडा दिलेला नाही, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. बाबा थकलेले दिसत होते आणि मी पहिल्याच रांगेत होते. बाहेर काळी गाडी झेंडूच्या माळा घालून उभी होती. कागद ताईच्या नावावर होते. चावी जावयाच्या खिशात होती. निघताना तो चालवायला बसला, शेजारी मामा, आणि ताई मागे, सासूच्या बाजूला. त्या गाडीत मागे जागा खरंच ऐसपैस आहे.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. सकाळी गाडी कुणाला तरी हवी असे. कुणाला नको असली, तर तू फाटकातच बंद पाडतेस, रस्त्यावर काय करशील, असं घरात हसून म्हणत. ताई बसनं जात राहिली. सौंसरला दुसरी बस चुकायची. दवाखान्यात आधी समजून घेतलं, मग बोलणं सुरू झालं. तिची नोकरी कंत्राटी होती. कुणी तिला नोकरी सोड म्हटलं नाही. पांढुर्ण्याच्या त्या घरात कुणी कुणाला काही म्हणतच नाही.

हिवाळ्यात एक दिवस ती दुपारी सौंसरच्या बसस्टँडवर उतरली. मी घ्यायला गेले होते. लोधीखेड्याच्या दवाखान्यातलं आपलं सगळं सामान तिनं परत आणलं होतं. एका पिशवीत पांढरे बूट, ड्रेस, पाण्याची बाटली.

"गाडी?" मी विचारलं.

"मामाजी रामटेकले घेऊन गेले." मग माझा चेहरा पाहून म्हणाली, "बाबाजवळ काही बोलू नोको."

घरी बाबा ओट्यावर बसले होते. तिला पाहून उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. आई पाणी आणायला आत गेली.

"गाडी कशी हाय?" बाबांनी विचारलं.

"मस्त हाय."

"चालवत असशीन ना तू?"

"हाव ना, बाबा. रोज."

बाबा हो हो म्हणाले आणि पुन्हा खाली बसले. ओट्यावरून फाटक दिसतं, फाटकाबाहेरचा रस्ताही दिसतो. रस्त्यावर काहीही उभं नव्हतं. आज ती कशानं आली, हे त्यांनी विचारलं नाही.