मुठीखालची चांदणी

कारखान्यात सगळे त्याला दुर्बीण म्हणायचे. तपासणीच्या टेबलावर भिंग लावून बसायचा आणि एखाद्या रिव्हॉल्व्हरात खोट सापडली की त्या दिवशी त्याला जेवण गोड लागायचं. प्रत्येक तपासनिसाची खूण वेगळी, याची चांदणी. लाकडी मुठीखाली, जुळणी करणाऱ्याच्या आकड्याशेजारी, तो ती एका ठोक्यात उठवायचा. चांदणी म्हणजे माल पास. माणूस खोटं बोलेल, खूण खोटं बोलत नाही, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा.

जुळणीला त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता. 'आपला तो बाब्या' हा प्रकार दुर्बिणीकडे नव्हता. एकदा भावाने जुळवलेल्या रिव्हॉल्व्हरचा घोडा ओढल्यावर सिलिंडर केसभर हललं. दुसऱ्याने कानाडोळा केला असता. याने नापास केलं, वर फोरमनच्या कानावरही घातलं. फोरमनला निमित्तच हवं होतं. धाकट्याला त्याच संध्याकाळी घरी बसवलं. त्यानंतर दोघं भाऊ बोलले नाहीत. आई तोच घोर घेऊन गेली, तरी याची मान ताठच. मूर्खाला त्यात मोठेपणा वाटायचा.

म्हातारपणी जुन्या हत्यारांच्या एका दुकानदाराने त्याला खुणा वाचायला बोलावलं. याने एका रिव्हॉल्व्हरची मूठ उघडली. आत भावाचा तोच आकडा, जन्मात न विसरलेला. शेजारी चांदणी. त्याने घोडा ओढला. सिलिंडर अजून केसभर हलत होतं. कामाची वेळ संपली की सगळे खुणेचे ठसे फोरमनच्या कपाटात जमा व्हायचे, हे त्याला आठवलं. माल खपला होता, भाऊ तेवढा हकनाक कामावरून गेला होता.

तो तसाच भावाच्या घरी गेला. भावजयीने दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही. धाकटा कुलपं दुरुस्त करत बसला होता. याने उंबऱ्यातूनच सगळं सांगितलं.

"ठाऊक आहे मला," धाकटा किल्ली घासत म्हणाला. "दुसऱ्या दिवशी माझी अवजारं न्यायला आलो, तेव्हा त्याच रिव्हॉल्व्हरवर मूठ चढवत होते. चांदणी पाहिली मी."

"ती मी नाही मारली रे. फोरमनने मारली."

"असेल." धाकट्याने किल्लीवरचा कीस फुंकला. "पण दादा, खूण खोटं बोलत नाही, असं तूच म्हणायचास ना?"

दुर्बीण उंबऱ्यातच उभा राहिला, तेव्हा भावजयीने हळूच दार लावून घेतलं.