डिस्क थांबू द्यायची नाही

अडीच वर्षं मी एक कॉम्प्युटर चालू ठेवला. लोक गाय पाळतात, कुत्रं पाळतात, मी कॉम्प्युटर पाळला. त्यापेक्षा गाय परवडली असती, हे मी आज छातीठोकपणे सांगते. गायीला निदान शेजारणीच्या भरवशावर टाकून दोन दिवस गावाला जाता येतं.

आमचं घर वडगावात, बेळगावच्या विणकरांच्या वस्तीत. पुढं दोन खोल्या आमच्या, मागं पत्र्याखाली चार पॉवरलूम. साडीच्या काठाची आणि पदराची नक्षी आधी चौकटींच्या कागदावर घर-घर मोजून काढावी लागते. मग त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडतात आणि ती पत्त्यांची माळ मागावर चढते. ही नक्षी काढायचं काम माझ्या वडिलांनी, आप्पांनी, उभा जन्म पेन्सिलीनं केलं. शहापूर-वडगावात 'हा काठ कुणाचा' म्हणून विचारावं लागत नसे, बघितल्यावर कळायचं.

मी कॉलेजात असताना एक विक्रेता आला आणि त्यानं आप्पांना कॉम्प्युटर विकला. नक्षी काढायचा प्रोग्रॅम आतच घातलेला. मी शिकले, कारण घरात इंग्रजी वाचणारी मीच एकटी. वर्षभर बसून आप्पांचे सगळे कागद मी आत उतरवले. विक्रेता म्हणाला, "आता कागद कशाला सांभाळताय? वाळवी लागायला?" आईला तेवढंच पाहिजे होतं. तिनं गठ्ठे काढले आणि बंबाखाली घातले. दोन हिवाळे आम्ही आप्पांच्या काठांवर पाणी तापवून आंघोळी केल्या. घर मोकळं झालं म्हणून मीपण तेव्हा खूश होते, हे कबूल करते.

त्या प्रोग्रॅमला कुलूप होतं. म्हणजे खरोखरचं, बोटभर लांबीचा एक तुकडा, कॉम्प्युटरच्या पाठीत खुपसायचा. तो असेल तरच प्रोग्रॅम उघडणार. तो बसायला जसलं भोक लागतं तसलं भोक नव्या कॉम्प्युटरला नसतंच. प्रोग्रॅमची सीडी सापडेना, आणि विकणारा दुकान गुंडाळून कधी गेला, कुठं गेला, कुणाला पत्ता नाही. फायली काय, पेन ड्राइव्हवर घेता येतात, मी घेतल्यासुद्धा. पण त्या उघडायच्या कशात? दुसऱ्या कुठल्याही मशीनवर त्या म्हणजे नुसती उभ्या-आडव्या चिन्हांची गिचमिड. आपली नक्षी, आपल्या हातानं भरलेली, आणि बघायला परवानगी दुसऱ्याची. जाहिरातीत हे कधी सांगत नाहीत, मेले.

तर तीनेक वर्षांपूर्वी तो कॉम्प्युटर एकदा बंद झाला तो सुरूच होईना. खडेबाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडं मी तो मांडीवर घेऊन रिक्षातनं नेला. त्यानं उघडला, ठोकला, कान लावला, आणि चार तासांनी तो कण्हत चालू झाला. दुरुस्तीवाला म्हणाला, "आक्का, आतली डिस्क फिरत्या फिरत्याच चालणार बघा. थांबली की चिकटली. रिस्टार्ट करा, काय पण करा, पण करंट तोडू नका. परत चालू होईल ह्याची गॅरंटी मी देणार न्हाय." मग बॅटरीवर चालू ठेवूनच त्यानं तो रिक्षातनं घरी आणून जोडून दिला, आणि त्या दिवसापासून मी अडकले.

कशी ते सांगते. आमच्याकडं लाईट जाते. यूपीएस पंधरा मिनिटं तग धरायचा, तेवढ्यात परड्यातल्या जनरेटरची दोरी ओढायची. आप्पांनी ऐंशी ओलांडलेली, त्यांना ती ओढवत नाही. आई त्या आवाजालाच भ्यायची. तिला चार वेळा शिकवलं, पाचव्या वेळी तिनं मला हातच जोडले. कारागीर होते दोघं, पण लाईट गेली की माग बंद, माग बंद की कारागीर चहाला. म्हणजे नेमकी गरज असताना घरात माणूस मी एकटी. लाईटच्या ऑफिसात मी फोन करून "करंट यावाग बर्तद री?" लाईट कधी येणार, असं कानडीत इतक्यांदा विचारलं, की पलीकडचा माणूस माझ्या नुसत्या हॅलोवर "अर्धा तास, आक्का" म्हणायला लागला.

बहिणीचं घर पिरनवाडीला. बस बदलून गेलं तरी तासाभराची वाट, पण अडीच वर्षांत मी तिथं एक रात्र राहिले नाही. तिच्या पोरीच्या बारशाला मी पाळण्याला हात लावून परत फिरले. एका वर्षी कडोलीला साहित्य संमेलनाला गेले होते, मांडवात पुढची जागा मिळालेली, आणि आईचा फोन, "गेली गं!" शेजारची बाई दचकली. तिला वाटलं, कोण वारलं. मी सांगितलं, लाईट गेली. तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी उठले की तोंड धुवायच्या आधी मी त्या खोलीत जायची आणि माउस जरा हलवायची. पडदा उजळला की श्वास सोडायचा, मग चूल. रागसुद्धा यायचा. एकदा मी त्या डब्याला लाथ मारली होती आणि लगेच हात लावून नमस्कार केला होता, पाय लागल्यावर करतात तसा.

मग गेल्या पावसाळ्यात पुण्याहून बोलावणं आलं. एका कापड कंपनीनं माझी कामं बघितली होती. डिझायनर म्हणून या, दिवाळीच्या आधी हजर व्हा. वय छत्तीस, लग्नाचं राहून गेलेलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला घराबाहेर बोलवत होतं. आप्पांना सांगायला मी आठ दिवस घेतले. ते शांतपणे म्हणाले, "जा की. मी कुठं न्हाय म्हंटलंय? फकस्त माझी डिझाइनं आतनं भाईर काढून दे, आन् मग जा."

डिझाइनं होती दीडशे. मी एक लॅपटॉप घेतला, त्यावर आजकालचा प्रोग्रॅम घातला, दोन्ही मशीनं शेजारी ठेवली आणि डाव्या पडद्यावरचं घर-घर मोजून उजव्या पडद्यावर भरायला बसले. फोटो काढून बघितले होते. पण एक पदर जुन्या पडद्यावर एकदम मावत नाही, वीस-पंचवीस तुकडे होतात, आणि तुकडे जोडताना एक घर इकडचं तिकडं झालं की कोयरीचं शेपूट तुटतं. तसली साडी कोण नेसणार? म्हणून मोजूनच. नवरात्रातल्या अष्टमीपर्यंत चौसष्ट झाली होती. शहाऐंशी राहिली. रोज पाच केली तर जमेल, असं मी बोटांवर मोजत होते.

आणि आली खंडेनवमी.

आमच्यात खंडेनवमीला हत्यारं विसाव्याला ठेवतात. माग धुवायचे, तेल पुसायचं, हळद-कुंकू, झेंडू, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कशाला म्हणून हात लावायचा नाही. सुई नाही, कात्री नाही. आप्पा ह्या बाबतीत लई कडक. कॉम्प्युटर आला तेव्हापासून तोपण पूजेत. मग डिस्कचं ते प्रकरण झाल्यावर मी काय केलं असेल? लबाडी. त्या दिवशी मी नुसता पडदा बंद करायची आणि डबा चालूच ठेवायची. आप्पांच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे तो टीव्हीसारखा पडदा. पडदा काळा म्हणजे गडी झोपला. लाईट गेली की तो बिघडतो एवढंच त्यांना माहीत, आपण होऊन बंद केला तरी मरतो हे नाही. दोन वर्षं त्यांनी चालत्या डब्याला झोपला समजून कुंकू लावलं, आणि मी मागं हळदीची वाटी धरून उभी. खरं सांगायचं धाडस झालं नाही. सांगितलं असतं तर 'देवाच्या दिवसाला फसवतीस?' म्हणून आठ दिवस बोलले नसते. बोलले नसते तर नसते! आज वाटतं, सांगून टाकायला पाहिजे होतं.

यंदा पूजा सकाळीच झाली. दुपारी मी आईला म्हटलं, बाजारात जाऊन येते. खडेबाजारातनं मला एक बॅग घ्यायची होती, पुण्याला न्यायला, चाकांची. लाईट असेल असं ऑफिसातल्यानं सांगितलेलं. निळी बॅग घेतली, दोनदा दुकानातच ओढून बघितली, आणि लहान पोरीसारखी खूश होऊन घरी आले.

खोलीत पाय टाकला आणि मला कळलं. आवाज नव्हता. अडीच वर्षं त्या पंख्याची घरघर माझ्या कानात बसलेली, ती नव्हती. आप्पा खुर्चीत बसले होते. डब्यावर झेंडूचं फूल, आणि भिंतीवरचं बटण बंद. यूपीएसची पंधरा मिनिटं कधीच संपलेली.

"काय केलासा आप्पा?"

"अगं, आतनं आवाज येत होता," ते म्हणाले. "पडदा झोपलेला, पण ह्यो जागा. रोज मागांच्या धडधडीत ऐकू येत न्हाय, आज समदं गप हाय म्हणून ऐकू आलं. म्हटलं, पोरगी घाईत बंद करायची इसरली. माणसाला सुट्टी, मागाला सुट्टी, ह्यालाच तेवढी न्हाय व्हय? आन् तुलाबी एक दिस सुट्टी होईल म्हटलं. तीबी त्येच्यापायी अडकल्याली हाय."

वर्षातनं एकच दिवस आमच्या घरात तो आवाज ऐकू येण्याइतकी शांतता असते, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मी बटण चालू केलं. आतनं टक् आलं, परत टक्, आणि मग काहीच नाही. दसरा झाल्यावर दुरुस्तीवाला येऊन दोन दिवस झटला. शेवटी त्यानं डब्याचं झाकण लावलं आणि "गेलं, आक्का" एवढंच म्हणाला.

आता जे सांगते ते कुणालाही सांगितलं नाही. तो माणूस गेल्यावर मला हलकं वाटलं. काढायचं काही उरलंच नाही, मग थांबायचं कशाला? शहाऐंशी डिझाइनं बुडाली होती, बापाची जन्माची कमाई, आणि मी आतल्या खोलीत बॅग उघडून साड्यांच्या घड्या घालत होते. स्वतःची शरम वाटत होती आणि हात थांबत नव्हते.

तेवढ्यात आप्पा भिंत धरत आले. बॅग बघितली की नाही देव जाणे, त्यांना आता धूसर दिसतं. पलंगावर बसले आणि म्हणाले, "लॅपटॉप उघड बघू. ऱ्हायल्याली मी सांगतो."

"आप्पा, शहाऐंशी हायत."

"असू देत की. मीच काढलीत न्हवं? कागद जाळलासा, डबा बी मेला. डोस्क्यातली कुठं जात्यात?"

त्यांनी डोळे मिटले, गुडघ्यावर बोट आपटायला सुरुवात केली, आणि म्हणायला लागले, "तीन भर, दोन सोड, एक भर, दोन सोड, तीन भर..." मी मांडीवर लॅपटॉप घेतला, नुसतं त्यांचं मन राखायला. भरत गेले. तासाभरानं पडद्यावर रुईचं फूल उभं होतं, एक घर चुकलेलं नाही. मला रडू आलं. आप्पांना वाटलं आनंदानं. थोडं आनंदानं होतंच. पण मला दिसत होतं, की आता मला ह्या खोलीतनं उठता येणार नाही. यंत्र मेलं म्हणून जाता आलं असतं. आता ते सगळं ऐंशी पार केलेल्या एका माणसाच्या डोक्यात होतं, आणि ते उतरवून घ्यायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. तो माणूस माझा बाप, आणि बटण आपल्या हातानं बंद केल्याचं ओझं तो असं फेडत होता. त्याला मी काय तोंडानं नको म्हणणार?

पुण्याला लिहिलं, दिवाळीनंतर येते. त्यांनी बरं म्हटलं. परत लिहिलं, संक्रांतीनंतर. त्याला उत्तर आलं नाही. निळी बॅग माळ्यावर आहे. आई त्यात जादाच्या रजया ठेवते.

आजपर्यंत एकशे सात झाली. आप्पा आताशा दमतात. कधी दोन काठ एकमेकांत मिसळतात, मग ते चिडतात, मग मी चिडते, मग आई दोघांना चहा देते. लाईट गेली तर मला आता काही वाटत नाही. त्यांना नुसता खोकला आला तरी हातातलं टाकून धावते. थंडीत मी त्यांना अंगणात सोडत नाही. बहीण म्हणते, चार दिवस पिरनवाडीला पाठव की त्यांना, नातवंडांत रमतील. मी काहीतरी निमित्त काढते.

गेल्या आठवड्यात असंच सांगता सांगता ते थांबले. "चार भर," म्हणाले आणि हनुवटी छातीवर गेली. बोटपण थांबलं. मी वाट बघितली. मागं माग चालू होते, त्यामुळं श्वासाचा आवाज कळेना. मग मी हात पुढं केला आणि त्यांचा खांदा जरासा हलवला. अडीच वर्षं रोज सकाळी माउस हलवायची, तेवढाच.

"आं?" त्यांनी डोळे उघडले. "हायस न्हवं गं तू?"

"हाय की, आप्पा. कुठं जाणार?"

"मग भर. चार झाली न्हवं? दोन सोड."

मी दोन घरं सोडली.