खिडकीची जागा

एसटी स्टँडात शिरते न शिरते तोच त्याचा पंचा खिडकीतून आत पडायचा. मग तो वळून मला म्हणायचा, "धरली जागा. आता कशाला भितोस?"

मी कशाला भिऊ? संगमेश्वरच्या स्टँडासमोर माझी चहाची टपरी, मला जायचं होतंच कुठे? त्यालाही नसायचं. धरलेली जागा कुठल्या तरी म्हातारीला देऊन तो चहाला यायचा. असा रिकामटेकडा तुमच्याही गावात असेल.

पूर्वी तो बोटीवर खलाशी होता. बोट इटलीत दुरुस्तीला अडकली, तेव्हा आगगाडीनं सगळा देश बघून आला म्हणे. मी चौथी नापास, पण थापा ओळखायला शाळा लागत नाही.

"काय बघितलंस?"

"मोडके खांब. आपल्या कसब्यातही देवळं पडलीत, पण तिकडे ती बघायचं तिकीट घेतात मेले."

"आणि?"

"डोंगर, बोगदे, खाली समुद्र. गाडी वळणावर वळणं घेत होती, बाया खुशाल पाव खात होत्या. एक बाई ओकली नाही रे!"

इटलीचं कौतुक एवढंच. कारण त्याची बायको. वहिनींना एसटी लागायची. पहिल्या घाटातच खिडकीबाहेर डोकं. लेक मुंबईला दिलेली, पण तिचं घर वहिनींनी पाहिलेलं नव्हतं.

इटलीतल्या गाडीतही त्यानं सवयीनं पंचा टाकला होता. "गाडी थांबलीच नाही रे. पंचा नेलान माझा!"

"म्हणजे इटली पंच्यानं बघितली, तू नाही," मी म्हणालो. सगळी टपरी हसली. तोही हसला, पण चहा अर्धा टाकून गेला.

मग पंच्याऐंशीच्या सुमारास नव्या रेल्वेची मोजणी करणारे आले. नदीपलीकडच्या शेतात लाल खुंट्या ठोकून गेले. हा वहिनींना घेऊन तिथवर चालत गेला. मी मागोमाग, मजा बघायला. त्यानं धापा टाकत एका खुंटीवर पंचा टाकला.

"खिडकी तुझी. लेकीकडे जायचं. ओकायचं नाही."

"आधी तुम्ही दम खावा," वहिनी म्हणाल्या.

तो दम काही परत आला नाही. त्याच पावसाळ्यात गेला.

गाडी अजून आलेली नाही. इटलीचं मला अजूनही पटत नाही, कुणी कितीही सांगा. पण पंचा कुजून गळाला, तेव्हा टपरीतला माझा नवा पंचा त्या खुंटीला बांधून आलो. गाठ पक्की मारली.

वहिनी आहेत अजून. जागा जाता कामा नये.