औसा ते खरोसा, सावकाश

दादा म्हणाला, औशाचा किल्ला बघून सायकलवर खरोशाला जाऊ, आणि मी लगेच हो म्हणाले. मग तयारीला लागले. आमच्या घरात तयारी माझ्याकडेच असते, बँकेतली नोकरी असली तरी. पंक्चरचं सामान, हवा भरायचा पंप, पाण्याच्या बाटल्या, टोप्या, त्याच्या गोळ्या, डब्यात मऊ खिचडी. छोटा हत्ती टेम्पोवाल्याला दोनदा बजावलं की आम्हाला आणि सायकलींना लातूरहून औशाला सोडायचं आणि दुपारी खरोशाच्या लेण्यांपाशी येऊन थांबायचं. परतीचं पेडल दादाला झेपणार नव्हतं. जायचं तरी झेपेल की नाही, हेही मला ठाऊक नव्हतं.

दादा माझ्याहून बराच मोठा. शाळेत शिक्षक होता, नुकताच निवृत्त झाला होता. त्याच्या पोटात गाठ निघाली होती, आणि ती कसली आहे हे त्याला सोडून घरात सगळ्यांना माहीत होतं. सोलापूरच्या डॉक्टरांनी मला आणि वहिनीला वेगळं बोलावून सांगितलं, की आता करण्यासारखं फार उरलेलं नाही, त्यांना खावंसं वाटेल ते खाऊ द्या. बाहेर जिन्याच्या पायरीवर बसून वहिनी म्हणाल्या, "ह्यांना कळू द्यायचं न्हाई. कळलं तर ते आजच अंथरूण धरतील." तिथेच आम्ही दोघींनी अल्सर ठरवला. पुण्यातल्या त्यांच्या मुलीला खरं सांगितलं आणि बापाशी बोलताना काय म्हणायचं तेही सांगितलं. पाहुण्यांना अल्सर. शेजाऱ्यांना अल्सर. आणि अल्सर म्हटल्यावर तिखट-तेलकट बंद करणं भाग होतं. डॉक्टरांनी काहीही खा म्हटलेला माणूस आमच्यामुळे दोन महिने खिचडी खात होता.

थंडी होती, पण ऊन चांगलं पडलं होतं. औशाचा किल्ला डोंगरावर नाही, जमिनीवरच आहे, त्यामुळे चढ नव्हता. खंदक ओलांडून आम्ही आत गेलो. दादा पूर्वी दरवर्षी मुलांची सहल इथे आणायचा. तोफेपाशी उभा राहून त्याने मला बांधकामाबद्दल सांगायला सुरुवात केली आणि मध्येच दम लागला म्हणून चौथऱ्यावर बसला. मी घाई केली नाही. एरवी मी घड्याळ दाखवलं असतं. तो शेजारच्या विहिरीतल्या पाण्याकडे बघत होता आणि मी त्याच्या मनगटाकडे. घड्याळाचा पट्टा सैल होऊन कोपराकडे घसरला होता.

मग सायकली. तो पुढे, मी मागे, म्हणजे तो हळू झाला की मला कळेल. रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर होते. एक गेला की आम्ही कडेला उतरायचो, धूळ बसली की पुन्हा निघायचो. दोन्हीकडे हरभरा होता, कुठे ज्वारी. एका ठिकाणी तूर झोडपणं चाललं होतं. एक म्हातारी बांधावरून ओरडून म्हणाली, "गुरुजी, घरच्यांनी गाडी घेऊन दिली न्हाई का?" दादा म्हणाला, "हिनंच घेऊ दिली न्हाई बघ," आणि माझ्याकडे बोट केलं. म्हातारीने मला हातातला खराटा दाखवला. दादा किती वेळ हसत होता. हसताना सायकल वाकडी-तिकडी चालत होती आणि मला ओरडायचं होतं, पण मी गप्प राहिले.

लामजना पाटीवर, म्हणजे फाट्यावर, चहाला थांबलो. टपरीत गरम भजी निघत होती. दादाने विचारलं, "एक प्लेट घेऊ?" मी म्हणाले, घे. त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग प्लेट घेतली, दोन भजी खाल्ली आणि बाकीची माझ्याकडे सरकवली.

खरोशाची लेणी जांभ्या दगडात आहेत. हा दगड ऊन-पावसाला टिकत नाही. मूर्तींची नाकं-डोळे गेलेत, नुसते आकार उरलेत. चार पायऱ्या चढून आम्ही एका खांबाला टेकून सावलीत बसलो. मी डबा उघडला.

"म्याडम," दादा म्हणाला. मी बँकेत लागल्यापासून तो मला हेच म्हणतो. "अल्सर न्हाई ना ते?"

मी झाकण खाली ठेवलं. "कोण म्हणलं तुला?"

"कुणी कशाला म्हणाय पाहिजे? आपल्या घरात कोण कुणाशी गोड बोललंय का आजवर? तुझी वहिनी दोन महिने मला एक शब्द उलटा बोलली न्हाई. ओला टॉवेल पलंगावर टाकून बघितला मुद्दाम. गप उचलून वाळत घातला. पोरगी रोज फोन करून अभ्यास घेतल्यासारखी तब्येत विचारती. आणि तू. सायकलवर जाऊ म्हणलो तर एका झटक्यात हो. मी तवाच समजलो." डबा स्वतःकडे ओढत म्हणाला, "भजी तर लईच झालं."

ते खरं होतं. आमच्या घरात माया टोमण्यातून चालते. रिपोर्ट लपवण्याचा बंदोबस्त मी नीट केला होता, फाइल माझ्या कपाटात होती, सगळ्यांचं बोलणं एक केलं होतं. आपलं वागणं बदललंय हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. मला रडू आलं. त्याने मला रडू दिलं आणि खिचडी खाल्ली.

"किती दिवस, ते सांगू नको," तो म्हणाला. "मी विचारत न्हाई. दुसरंच सांगायचंय. मला कळलंय हे तिला कळू देऊ नको."

"म्हणजे काय? एका घरात दोघं एकमेकांपासून लपवत बसणार?"

"ती न्हाणीत नळ सोडून रडती. तोंड धुऊन बाहेर येती आन् मला हसून चहा देती. मी सुखात हाय, एवढ्याच्या जोरावर उभी हाय ती. ते कामून काढून घेऊ?"

"आणि तू कुणाशी बोलणार?"

"म्हणून तर तुला आणली इथं. तू भांडत जा माझ्याशी. पहिल्यासारखं."

मी हो म्हटलं नाही. म्हणाले, खिचडी सांडवलीस शर्टावर, लहान आहेस का तू. तो म्हणाला, हां, असं.

छोटा हत्ती वेळेवर आला. सायकली मागे दोरीने बांधल्या. पुढे ड्रायव्हरशेजारी आम्ही दोघं दाटीवाटीने बसलो. खिडकीच्या जागेवरून मी त्याच्याशी वाद घातला आणि हरले. औशाच्या अलीकडे वहिनींचा फोन आला. त्या हळू आवाजात बोलत होत्या, पण माझा कान आणि त्याचा कान यांत वीतभर अंतर होतं.

"कसे हायत? काही विचारलं का त्यांनी? शंका आली का काही?"

"न्हाई वहिनी," मी म्हणाले. "मजेत हाय. भजी खाल्ली म्हणून रागवा त्याला घरी आल्यावर."

"कशाला रागवू?" वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.

दादा खिडकीबाहेर बघत होता.

तो पाडव्यापर्यंतही राहिला नाही. वहिनी आल्या-गेल्याला सांगतात, की एवढं मात्र केलं, त्यांना शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही. मी शेजारी बसलेली असले की त्या माझ्याकडे बघतात, आणि मी म्हणते, व्हय.