मंजूने विचारलं तेव्हा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मैत्रिणींना नाही, देवापुढे उभी राहूनसुद्धा नाही — तिथे मी फक्त बाकीच्यांसाठी मागत राहिले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतंय. बघू.

मी तलासरीला एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. बरी शिकवते, असं मुलं म्हणतात. शरीरात काही मूळपेशी असतात, त्या जन्मभर नव्या पेशी तयार करत राहतात. त्यांनी नको तेवढं वाढू नये म्हणून काही जनुकं ब्रेकचं काम करतात. हे मी अच्छाडच्या नाक्याकडे निघालेल्या भरल्या ट्रकचं उदाहरण देऊन समजावते. ब्रेक दोन — एक आईकडून, एक बापाकडून. एक जन्मतःच तुटका आला तरी दुसऱ्यावर गाडी चालते. दुसराही गेला, की कॅन्सर. मुलं वहीत ट्रक काढतात, हसतात. मीही हसते. हसते कशी, हा प्रश्न मला कोणी विचारलेला नाही.

आमची आई अंडाशयाच्या कॅन्सरने गेली. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त तपासलं होतं, मग माझं. तोच तुटका ब्रेक माझ्यातही निघाला. त्या म्हणाल्या, धाकट्या बहिणीला सांगा, तिचीही तपासणी करून घ्या, वेळेवर कळलं तर पुष्कळ काही करता येतं. मी मान डोलावली. समजलं नव्हतं असं म्हणायची सोयही मला नाही.

तेव्हा मंजूला — माझ्या धाकट्या बहिणीला — चिंचणीचं स्थळ आलं होतं. आमच्याकडे मुलाकडची माणसं मुलीच्या घराण्याची चारचौघांत चौकशी करतात. त्यात ‘यांच्या रक्तातच आहे’ हे कुठे फुटलं असतं तर? लग्न होऊ दे, मग सांगू, म्हटलं. मग बाळंतपण होऊ दे, म्हटलं. मग तिची तनू लहान होती. कारण शोधायला बसलं की सापडतंच, नाही का?

स्वतःचं मात्र मी विसरले नाही. चाळिशी लागली तशी गुपचूप मुंबईला जाऊन अंडाशय काढून घेतले. लोकांना सांगितलं, पिशवीत गाठी होत्या. पिशवीचं ऑपरेशन म्हटलं की बायका पुढे काही विचारत नाहीत; वजन उचलू नको, एवढंच सांगतात. मी लग्न केलेलं नाही, घरात करायला कोणी नाही. म्हणून मंजू आली. तनूला सासूकडे ठेवून, एसटीने, थैलीभर सुके बोंबील घेऊन डहाणूला माझ्या घरी आली. मला पलंगावरून उठू द्यायची नाही. लहान ती, पण दम मला द्यायची. मला ते फार आवडायचं.

एका दुपारी ती माझी वेणी घालत होती. घालता घालता हात थांबला.

“ताई, आईला तसं, आता तुला असं. मला पण काय होईल काय गं?”

विषय तिनेच काढला होता. अशी संधी कितीजणांना मिळते? पण सांगितलं असतं, तर ती पहिलं विचारणार होती — तुला कधीपासून माहीत आहे? मी त्या प्रश्नाला घाबरले. तिच्या जिवापेक्षा मला तिच्या मनातली ताई जपायची होती. हे असंच आहे, दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही.

“नाही गं, वेडे,” मी म्हटलं. “तुझं सगळं नीट आहे.”

आणि ती — मी शिकलेली ना, तिच्या लेखी माझा शब्द म्हणजे शेवटचा — बरं म्हणाली आणि वेणी बांधून मोकळी झाली.

काही वर्षांनी तिचं पोट फुगायला लागलं. गॅस असेल म्हणून ती ओवा खात राहिली. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. हॉस्पिटलात डॉक्टरांशी बोलायला मीच, कारण मला त्यांची भाषा कळते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आईचाच दोष हिच्यात आहे. मी बाहेर येऊन तिच्या नवऱ्याला, नितीनरावांना, एवढंच सांगितलं की आजार पसरलाय.

नितीनराव तेव्हा तारापूरकडे रंगाच्या कारखान्यात कामाला होते. मंजू त्यांचे कपडे हाताने धुवायची, मोरीतून लाल पाणी वाहायचं. ती गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली. आता मासळीच्या टेम्पोवर जातात. तिच्या वर्षश्राद्धाला पानावर बसले होते, मी वाढत होते. ते खाली मान घालून म्हणाले, “ताई, माझ्या कपड्यांनी नेलं तिला.”

मी त्यांच्या पानात भात वाढला आणि पुढच्या पानाकडे गेले. ते जेवले नाहीत.

तनू आता नर्सिंगला जाते. या रविवारी चिंचणीला जाऊन मी दोघांनाही सांगणार आहे. त्यांना, की कपड्यांचा काही दोष नव्हता. तिला, की तपासून घे. ती काय विचारेल तेही मला माहीत आहे. मावशी, आईला हे ठाऊक नव्हतं का?

नव्हतं. तिने मला विचारलं होतं.