ठिपका अजून दिसतो

मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. प्रत्येक काम झालं की एक स्क्रू हातात उरतो तसे ते उरतात, आणि कुठे बसवायचे ते कळत नाही.

बोईसर स्टेशनजवळ आमचं दुकान आहे. मी आणि माझा मेव्हणा नितीन. तो इथल्याच पाम गावचा. फोन उघडायचं काम त्याचं, गिऱ्हाइकाला समजावायचं माझं. आणि समजावायला सगळ्यात अवघड दुखणं म्हणजे अडकलेला पिक्सेल. पडद्यावर मोहरीएवढाही नसलेला एक ठिपका लाल, हिरवा किंवा निळा होऊन बसतो. चित्र बदललं तरी हा बदलत नाही. बाकी फोन ठणठणीत. पण एकदा दिसला की माणसाला दुसरं काही दिसत नाही.

तारापूरच्या एका कारखान्यातले सुपरवायझर आले. मूळचे कराडचे. म्हणाले, "फोटोत लाल ठिपका येतोय. भावाला स्क्रीनशॉट पाठवला, तर त्याला दिसत नाही म्हणतो."

मी म्हटलं, "साहेब, डाग काचेखाली आहे. स्क्रीनशॉटमध्ये येणार नाही. त्यांना नाहीच दिसणार."

त्यांनी मान डोलावली. सगळं पटल्यासारखं वाटलं. जाताना म्हणाले, "म्हणजे त्याचाही फोन दाखवून घ्यायला पाहिजे."

---

या ठिपक्यावर एक इलाज आहे. त्या जागी भराभर रंग बदलणारा व्हिडिओ तासभर लावून ठेवायचा. कधी सुटतो, कधी नाही. असाच एक फोन काउंटरवर लाल-हिरवा-निळा लखलखत पडला होता. कापड रंगवायच्या कंपनीतला एक कामगार चार्जर घ्यायला आला आणि तिथेच थांबला. बराच वेळ वाकून बघत राहिला.

"ये क्या चल रहा है?"

"इलाज," नितीन म्हणाला.

त्याने आणखी थोडा वेळ पाहिलं. मग चार्जर खिशात घालत म्हणाला, "लाल ठीक है. हरा कच्चा है. हमारे यहाँ पास नहीं होगा."

---

दुसरा इलाज म्हणजे मऊ कापडाने ठिपक्यावर हलकेच दाबायचं. हा इलाज आता आम्ही कोणाला सांगत नाही. एका रिक्षावाल्याला नितीनने सांगितला होता. दुसऱ्या दिवशी तो समाधानी चेहऱ्याने हजर. "ठिपका गेला, नितीनभाऊ."

"बगू."

फोन सुरू केला. अर्धा पडदा शाई सांडल्यासारखा काळा.

"तो गेलाच हाय," रिक्षावाला म्हणाला. "हे दुसरं हाय. ह्याचं बोल."

---

देसाईकाका रिटायर्ड माणूस. त्यांचा फोन नवा, वॉरंटीतला. ते पालघरला सर्व्हिस सेंटरवर जाऊन आले. तिथे सांगण्यात आलं की एका ठिपक्याला वॉरंटी लागू होत नाही, तीन-चार झाले तर बघू. काकांनी वाद घातला नाही. तेव्हापासून दर महिन्याला ते दुकानात येतात, भिंग मागतात आणि खुर्चीवर बसून पडदा कोपऱ्या-कोपऱ्यातून तपासतात.

परवा काकूही बरोबर होत्या. मी हळूच विचारलं, "काय म्हणतोय फोन?"

काकू म्हणाल्या, "एकच आहे अजून. वाट बघतोय."

---

शिरगावचे हरेश्वर तांडेल बोट चालवतात. त्यांचं हातात धरायचं जीपीएस चार्ज होत नव्हतं, म्हणून ते बायकोला, जानकीबाईंना, घेऊन आले. नितीनने पिन बदलली. पडद्यावर एक हिरवा ठिपका अडकलेला दिसला, मऊ कापडाने हलकेच दाबून तोही घालवला. सांगितलं नाही. भलं काम सांगून कशाला करायचं.

आठवड्याने दोघं परत आली. जानकीबाई म्हणाल्या, "ह्यांचा ठिपका कुटं गेला?"

हळूहळू उलगडलं. नकाशात बोट मधोमध असते आणि तो ठिपका तिच्या जरासा पुढे. तांडेल दोन वर्षं त्या ठिपक्याकडे बोट नेत होते. बोट पुढे गेली की ठिपकाही पुढे. त्यामुळे ते बाकीच्यांपेक्षा लांब जात, आणि त्यांना मासळीही, त्यातही सरंगा म्हणजे पापलेट, बरी मिळत होती. आता तीन फेऱ्या जाळं हलकं आलं होतं. खलाशी कुरकुरत होते. तांडेलांचं जेवणावरून लक्ष उडालं होतं.

नितीनने कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. पडदा, पिक्सेल, बिघाड. तांडेलांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"समजलं. तो बिगाड होता," ते म्हणाले. "मंग आता तू सांग, सरंगा कुटं हाय?"

नितीन उठून शेजारच्या ब्युटी पार्लरमध्ये गेला आणि हिरवं नेलपॉलिश घेऊन आला. काडीच्या टोकाने पडद्यावर एक ठिपका दिला. तांडेलांनी जीपीएस लांब धरलं, डोळे बारीक केले.

"नाय. जरा वर होता."

पुसून पुन्हा लावला. मग तांडेल यंत्र रुमालात गुंडाळून गेले.

पंधरा दिवसांनी जानकीबाई एकट्याच आल्या. कागदात गुंडाळलेले दोन मोठे सरंगे काउंटरवर ठेवले. नितीन खूष झाला. म्हणाला, "म्हणजे ठिपका लागू पडला."

"तो कुटला," जानकीबाई म्हणाल्या. "तो पयल्याच फेरीत पुसला गेला. घरी चार्जिंगला लावलं तवा मी बगितलं, पडदा साफ कोरा."

"मग सांगितलं नाही त्यांना?"

त्यांनी रिकामी पिशवी घडी घालून काखेत मारली.

"काय सांगू? त्यांना अजून दिसतो."